डावा खांदा, अर्धा इंच खाली

कापड हबीबचाचांनी मारलं नव्हतं. युनूसनेही नाही. ते मी आमच्या घरातल्या ट्रंकेतून काढून दिलं होतं, देताना खोटं सांगितलं होतं, आणि विचारणा झाली तेव्हा भरल्या ओसरीवर मी म्हणालो होतो की मला काही माहीत नाही. एवढं आधीच लिहून टाकतो. पुढे त्या दिवसांबद्दल लिहिताना मला त्यांची ओढ लागणार, हे मला ठाऊक आहे. त्या ओढीत माणूस स्वतःला हळूहळू सोडवून घेतो. मी पंचवीस वर्षं तेच केलं. शिंप्याने गिऱ्हाइकाचं थोडं कापड गुपचूप ठेवून घेणं, याला आमच्याकडे कापड मारणं म्हणतात. आमच्या भागात शिंप्याला उशीर करणारा म्हणा, बोलघेवडा म्हणा, तो हसून सोडून देईल. पण कापड मारतो असं एकदा कोणी म्हटलं की त्याच्या दुकानाची पायरी लोक विसरतात.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका सिनेमामुळे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही ज्याच्याबद्दल सारखे सांगता तो सिनेमा सापडला. आम्ही दोघं कळसाडीच्या घरात पलंगावर बसून तो पाहिला. मुलगी अर्ध्या तासात कंटाळली. खुनी कोण ते तिला दहाव्या मिनिटाला कळलं होतं. गोष्टीला भोकं होती, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं होतं, आणि सगळं शहर कारण नसताना निळ्या उजेडात भिजत होतं. पण तो नट जिन्यावरून वर जाऊ लागला, लांब राखाडी कोटाची मागची बाजू प्रत्येक पायरीला उघडू मिटू लागली, आणि मी मुलीच्या हातातून मोबाईल घेऊन चित्र थांबवलं. तिला वाटलं, पप्पांना नट आवडतो. मी कोटाचा डावा खांदा पाहत होतो.

तो नट तेव्हा नवा नव्हता. आधी कोणाचा भाऊ, कोणाचा मित्र अशी कामं करून चेहरा ओळखीचा झालेला, देखणा म्हणावा असा नाही, गालफडं बसलेली. पण त्या एका सिनेमात तो मोठ्याने एक शब्द बोलला नाही. बाकीचे नायक ओरडत होते त्या काळात हा खिशात हात घालून उभा राहायचा, कॉलर वर करायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचा. मुंबईत लागून गेल्यावर कितीतरी महिन्यांनी तो सिनेमा शहाद्याच्या टॉकीजला आला, प्रिंटवर रेघा पडलेल्या, आवाज मध्येच बुडणारा. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, रोज कळसाडीहून शहाद्याला यायचो, आणि युनूसच्या दुकानावर थांबल्याशिवाय घरी जायचो नाही.

युनूस माझ्यासोबत दहावीपर्यंत होता. मग तो वडिलांच्या, म्हणजे हबीबचाचांच्या, शेजारच्या मशीनवर बसला. दुकान एवढंसं होतं. दोन मशिनी, एक कापायचा लांब पाट, भिंतीवर आरसा, आणि कोळशाच्या इस्त्रीचा वास. ओल्या फडक्यावर इस्त्री फिरली की जो उबदार, किंचित जळका वास येतो तो मला आजही कुठे आला तर मी थांबतो. घरात ते हिंदी बोलत, गिऱ्हाइकाशी आमच्यासारखी अहिराणी. चाचांजवळ मापांची जाड वही होती. त्यात आमच्या घरातल्या प्रत्येकाचं पान होतं, माझं तर पहिल्या हाफपँटपासूनचं. दर वर्षी जुनं माप खोडून नवं लिहायचे. एक ओळ मात्र कधी खोडली नाही. 'डावा खांदा अर्धा इंच खाली.' लहानपणी झाडावरून पडून हाड जरा तिरकं बसलं होतं. घरात कोणाच्या लक्षात नव्हतं. चाचांनी मी चौथीत असताना टेप लावताच ओळखलं, आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक शर्टाला त्या बाजूला आतून एक जास्तीची पट्टी असायची. म्हणून मी सरळ दिसायचो.

चाचांची आणखी एक रीत होती. शिवलेला कपडा द्यायचे तेव्हा सोबत उरलेल्या तुकड्यांचं बोचकं बांधून द्यायचे, बोटाएवढी चिंधीसुद्धा. बायका हसायच्या, म्हणायच्या, चाचा, या चिंध्यांचं काय करू. ते म्हणायचे, गोधडीले लाव, चुल्हामा टाक, पन तुन्हं शे ते तुन्हा घर जावो.

सिनेमा आला आणि युनूसला वेड लागलं. मला नटाचं होतं, त्याला कोटाचं. पहिल्या खेळाला मी त्या माणसाचं न बोलणं पाहत होतो, हा माझ्या कानाशी सारखा, बाही देख, बाही देख. बाहेर आल्यावर त्याने मला रसवंतीवर बसवून समजावलं की त्या कोटाला खांद्यावर शिलाई नाही, बाही थेट गळ्यापासून निघते, आणि असं कटिंग शहाद्यात कोणी केलेलं नाही. दुसऱ्यांदा तो पुढच्या बाकड्यावर बसून कॉलर पाहून आला. तिसऱ्यांदा फक्त जिन्याच्या प्रसंगासाठी गेला, कारण पाठीमागची चीर किती वर जाते ते त्याशिवाय दिसत नव्हतं, आणि तो प्रसंग संपताच उठून आला. डोअरकीपर म्हणाला, हा माणूस पिक्चर पाहायला येतो की जिना मोजायला. चौथ्यांदा परत आल्यावर त्याने दुकानाच्या फरशीवर खडूने पूर्ण कोट काढला. चाचा चष्म्यातून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बनेगा तो सही. पर नंदुरबार जिल्हे में ये पहनेगा कौन? आदमी अंदर ही पक जाएगा." युनूस हसला नाही. मला म्हणाला, "देख पाटील, त्या हिरोना भी डावा खांदा खाले शे. शिवणारानी आत भरन घाली शे. तुले बरोबर बठी हाऊ कोट." तो मला लहानपणापासून पाटीलच म्हणायचा. मी म्हणालो, काहीतरीच. मला तेव्हा तसं काही दिसलं नव्हतं.

त्याच वर्षी आक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं. लग्न वैशाखात, पण आमचं घर होळीपासूनच हललं. माय आणि गल्लीतल्या बायका पहाटे ज्वारीचं पीठ शिजवून गच्चीवर बिबडे घालायच्या. ते अर्धे वाळले की पोरं चोरून खायची, मीसुद्धा, ओलसर, तिखट, बोटाला चिकटणारे. ऊस तुटून गेला होता, गुऱ्हाळं बंद झाली होती, कापसाच्या पऱ्हाट्या अंगणात रचल्या होत्या. आणि ओसरीवर चाचांची मशीन आली. ही आमच्याकडची रीत. लग्नघरी शिंपी बसायचा. महिनाभर त्याची मशीन ओसरीवरच, जेवण घरातलंच, आणि लग्नाचं कापड मात्र शिवून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. चाचांच्या वडिलांनी माझ्या आत्यांच्या लग्नाला असंच बसून शिवलं होतं. दिवसभर मशीनची टकटक, मध्येच थांबून कात्रीचा एक लांब आवाज, मग पुन्हा टकटक. दुपारी माय कळण्याची भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा ताटात घालून द्यायची. चाचा भाकरी मोडण्याआधी हात धुवायचे तसे कापडाला हात लावण्याआधीही धुवायचे. त्या ओसरीवर ऐकलेली मशीन हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा आवाज आहे, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरतहून एकाच ताग्यातलं कापड आणलं होतं. त्यातून जावयाचा सूट आणि व्याह्यांचा कोट. रंग राखाडी. हुबेहूब तो राखाडी. मी ट्रंक उघडून ते हाताळायचो आणि माझ्या डोळ्यांसमोर जिना यायचा. जावयाचा सूट चाचांनी कापून शिवून ठेवला. व्याही अंगाने भारी म्हणून नानांनी त्यांच्या वाट्याचं कापड हात सैल सोडून घेतलं होतं. तेवढ्यात चाचांच्या विसरवाडीला दिलेल्या मुलीला बरं नसल्याचा निरोप आला आणि ते आठ दिवसांसाठी तिकडे गेले. युनूस एकटाच येऊन पोलकी शिवत बसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो की नाना व्याह्यांसाठी वेगळं कापड आणणार आहेत, हे त्यांनी मला दिलंय, तो कोट शिव. त्याने विचारलं, नाना स्वतः म्हणाले? मी म्हणालो, हो, पण लग्नाच्या दिवशीच सगळ्यांना दाखवायचाय, तोवर कोणाला बोलू नको, चाचांनासुद्धा. तो थोडा घुटमळला. लग्नघरचं कापड घराबाहेर न्यायचं नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्याच्या डोळ्यांत तो खडूचा कोट होता, आणि मी त्याचा मित्र होतो. मी स्वतः पिशवीत घालून ते शहाद्याच्या दुकानावर पोहोचवलं. माझा हिशेब असा होता की दोन-चार दिवसांत मायला गळ घालीन, माय नानांना सांगेल, नाना चिडतील आणि पुन्हा सुरतला जातील. असा हिशेब करायला माणूस वीस वर्षांचा असावा लागतो आणि घरातला एकुलता मुलगा असावा लागतो.

कोट मी एकदाच घातला. कच्च्या टाक्यांवर उभा होता, पांढरे दोरे बाहेर दिसत होते, एक बाही टाचण्यांवर. कापड पुरत नव्हतं म्हणून कॉलरची खालची बाजू दुसऱ्या कापडाची होती, पण शिलाईच्या आत त्याने भरपूर माया ठेवली होती, पुढे अंग भरलं तर सोडता यावी म्हणून. बाहेर चैत्राचं ऊन रस्त्यावर नाचत होतं, आत पंखा नव्हता, माझ्या मानेवरून घाम वाहत होता. युनूसने मला आरशासमोर फिरवलं, गुडघ्यावर बसून खालची कड नीट केली, मग उठून दोन पावलं मागे गेला. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलू शकत नव्हता. नुसती मान हलवली. आरशात मी नव्हतो, तो माणूस होता, कोणाला उत्तर न देणारा, आणि त्याचे दोन्ही खांदे सरळ होते. मी खिशात हात घातले. युनूसने टाचण्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाला, "आते बोलू नको काही. तो बोलत नही." आम्ही दोघं खूप हसलो. पुढे आयुष्यात मी चांगले कपडे पुष्कळ घातले, पण घालणारा आणि शिवणारा दोघं एवढे खूश असलेला कपडा पुन्हा माझ्या अंगावर आला नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी चाचा परत आले आणि त्याच दिवशी, कळवलेल्या तारखेच्या चार दिवस आधी, व्याही माप द्यायला आले. ब्राह्मणपुरीला काम होतं, म्हणाले, म्हटलं होऊनच जाऊ. ओसरीवर सतरंजी अंथरली. नाना, व्याही, त्यांचे दोन भाऊबंद, आमचे काका, दारात बायका. चाचांनी माप घेतलं, व्याह्यांच्या पोटावरून काहीतरी विनोद झाला, सगळे हसले. मग चाचा युनूसला म्हणाले, कापड काढ. युनूस उठला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभा होतो.

नानांनी मायला ट्रंक उघडायला लावली. कापड नव्हतं. बायकांनी दुसरी ट्रंक पाहिली. तिच्यातही नव्हतं. युनूस खाली पाहत म्हणाला की कापड दुकानावर आहे, त्याने नेलंय. नानांनी विचारलं, कशाला नेलं? लग्नाचं कापड बाहेर कसं गेलं? युनूस पुन्हा माझ्याकडे पाहू लागला. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. त्यात भीती नव्हती. बस यायची आहे आणि ती येणारच आहे अशा खात्रीने माणूस रस्त्याकडे पाहतो, तसं पाहत होता. नाना माझ्याकडे वळले. "भास्कर, तू रोज याना संगे ऱ्हास. तुले काही माहीत शे का?"

मी म्हणालो, "माले काय माहीत. मी काही देखं नही."

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आक्काचं लग्न मोडू नये म्हणून मी गप्प बसलो. ते खरं नाही. व्याही तर हसत होते, सत्य कळलं असतं तर पोरकटपणा म्हणून आणखी हसले असते. मला नानांची भीती वाटली, पाहुण्यांसमोर बोलणी खायची लाज वाटली. आणि अगदी खरं सांगायचं तर, कोट अजून माझा होऊ शकेल असंही वाटत होतं.

व्याह्यांनी पान लावता लावता म्हटलं, "जाऊ द्या याही. टेलर लोकेस्ना हात जरा लांबच ऱ्हास." भाऊबंद हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी युनूसला विचारलं, "तूने लिया?" माझ्याकडे पाहणं युनूसने थांबवलं होतं. मग म्हणाला, "हां." चाचांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात ठेवली. नाना अपमानाने लाल झाले होते, आणि ज्या माणसाच्या वडिलांनी आपल्या बहिणींच्या लग्नाचे कपडे शिवले त्याला ते म्हणाले, "हबीबभाई, मशीन उचला." दोघा बापलेकांनी मशीन उचलून बैलगाडीवर ठेवली. मी मदतीला गेलो नाही. माय दुपारचं ताट वाढून उभी होती, ते तसंच आत गेलं.

तीन दिवसांनी चाचा एकटे आले. उंबऱ्याशी उभे राहिले, आत आले नाहीत. मायच्या हातात व्याह्यांचा कोट दिला आणि तुकड्यांचं बोचकं दिलं. शिलाई घेतली नाही. गावात सगळे म्हणाले, पकडला गेला म्हणून परत आणून दिलं. त्यांनी कापड परत दिलं हाच चोरीचा पुरावा झाला. लग्नात व्याह्यांनी तो कोट घातला आणि कोट अंगावर असा बसला होता की फोटोवाल्यानेही कौतुक केलं. मी घाईघाईत घेतलेला तयार शर्ट घालून वाढपी पोरांत फिरत होतो. त्याचा डावा खांदा दिवसभर घसरत होता.

पुढचं लिहायला फार नाही. त्या वर्षी कोणत्याच लग्नघरी चाचांना बोलावणं आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. बायकांनी पोलकी दुसरीकडे टाकली. कॉलेजला जाताना बसमधून मला दुकान दिसायचं. आधी एका मशीनवर कापड झाकलेलं दिसू लागलं, मग दोन्हींवर, मग शटर. युनूस सुरतला कारखान्यात गेला असं ऐकलं. मी बी.एड. करून मास्तर झालो. शाळेत मुलांना खरं बोलावं यावर निबंध लिहायला देताना माझा हात फळ्यावर कधी अडखळला नाही, हे मला जास्त लागतं.

त्या दिवाळीत सिनेमा संपल्यावर मोबाईलने आपणहून पुढे त्याच नटाची अलीकडची मुलाखत लावली. म्हातारा झालाय, केस पांढरे, हल्ली मालिकांत आजोबा होतो. विचारणाऱ्या मुलीने त्या कोटाबद्दल छेडलं. तो म्हणाला, त्या कोटाने मला नाव दिलं, पण तो ज्यांनी शिवला त्यांचं नाव मला कोणी विचारत नाही. मग त्याने एका मास्टरजींचं पूर्ण नाव घेतलं, आणि म्हणाला, माझा एक खांदा उतरता आहे, त्यांनी तो मला न सांगता सावरला. मी सिनेमा मागे नेला, जिना पुन्हा काढला, चित्र थांबवलं. डाव्या खांद्याला आतून भर घातलेली होती. पंचवीस वर्षांपूर्वी शहाद्याच्या टॉकीजमध्ये, रेघा पडलेल्या प्रिंटवर, युनूसला ती दिसली होती.

युनूस विसरवाडीला आहे हे शोधायला मला दोन फोन लागले. इतकी वर्षं ते दोन फोन मी केले नव्हते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसने गेलो. फाट्यावर ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर, आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये लाल रेक्झीनचा ढीग. तो ट्रकच्या सीटची कव्हरं शिवतो, ताडपत्र्यांना कडा लावतो. जाड मशीन, जाड सुई, जाड भिंगांचा चष्मा, दाढी पिकलेली. एक ड्रायव्हर शेजारी बाजेवर बसून चहा पीत होता. मी शेडच्या तोंडाशी उभा राहिलो. नाव सांगावं की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्याने मान वर केली, मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाला, "डावा खांदा आजून तसाच शे तुन्हा."

मी बसलो. माझ्यासाठी चहा आला. मी वाटेत जुळवून आणलेली वाक्यं बोलायला लागलो, पण एकही धड निघालं नाही. त्याने मशीन थांबवली नाही. मी एवढंच विचारलं की तू त्या दिवशी खरं का नाही सांगितलं. तो म्हणाला, "तू सांगशी आसं वाटनं. तू नही म्हनना, मंग मन्हं कोन खरं मानतं?" हे तो रागाने बोलला नाही. माझ्या खांद्याबद्दल बोलला तसंच बोलला.

मग मी चाचांबद्दल विचारलं. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. युनूसने दोरा तोडला, चष्मा काढून पुसला आणि जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी दुकानावर परतल्यावर चाचांना हँगरवर माझा कोट दिसला. त्यांनी युनूसला काही विचारलं नाही. सुरतला जाऊन तसलं कापड आणायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तो कोट स्वतः बसून उसवला, टाका टाका काढून, आणि त्यातूनच व्याह्यांचा कोट काढला. शिलाईत ठेवलेली सगळी माया सोडली, काखेखाली कोणाला दिसणार नाही असा जोड दिला. उसवताना डाव्या खांद्याची आतली पट्टी त्यांच्या हातात आली. तेव्हाच त्यांना कळलं. "अब्बा म्हनना, पाटलाना पोऱ्याना कोट शे हाऊ. मी म्हनं, आत्तेच जाऊन सांगूत. तो म्हनना, त्यास्ना घर पोरनं लगीन शे. व्हई जाऊ दे. पोऱ्या सोता ई सांगी."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तुन्ही वाट देखी. दिवाळीले देखी, दुसरी दिवाळीले देखी. गिऱ्हाईक नही ते नही, पन कोनी दारशी उभं ऱ्हायनं का मान वर करीसन देखे." तो पुन्हा मशीनकडे वळला. "मंग चष्माना नंबर वाढना. देखनं बंद व्हयनं."

बाजेवरचा ड्रायव्हर कप खाली ठेवून आमच्याकडे पाहत होता. मी युनूसची माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर करून थांबवलं. म्हणाला, मला कशाला सांगतोस, मला तर माहीतच आहे. "तुन्हा नाना जित्ता शे ना?" मी हो म्हणालो. "मंग त्याले सांग. मशीन उचला त्यानी म्हनं व्हतं." मी निघालो तेव्हा तो उठून रस्त्यापर्यंत आला नाही. पण बस येईपर्यंत मला मशीनची टकटक ऐकू येत होती, जाड, सावकाश, आमच्या ओसरीवरच्यापेक्षा वेगळी.

नाना आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. डोकं शाबूत आहे, कान गेले. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते त्यांना बोचतं म्हणून डबीत पडून असतं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. आमच्या घरात काय शिजलं, कोणाला ताप आला, हे सगळं गल्लीला माहीत असतं ते यामुळेच. रविवारी सकाळी ते ओसरीवर खुर्चीत बसले होते, पायांवर मायच्या हातची जुनी गोधडी. तिच्यात राखाडी तुकडे आहेत, कडेला एका रांगेत. त्या बोचक्यातले. माय असेपर्यंत दर उन्हाळ्यात ती धुऊन वाळत घालायची, आणि मी त्या बाजूला बसत नसे.

मी खुर्चीजवळ खाली बसून सांगायला सुरुवात केली. नानांनी कानाला हात लावला. काय? मी पुन्हा सांगितलं. हबीब? कोणता हबीब? मी आवाज चढवला. समोरच्या घरातली बाई झाडणं थांबवून पाहू लागली. दुधाचे कॅन घेऊन जाणारा सायकलवर एक पाय टेकून थांबला. मुलगी आतून दारात आली. त्या दिवशी त्याच दारात बायका उभ्या होत्या. मला वाटलं, थोडं थांबावं, गल्ली रिकामी झाली की सांगावं. मग लक्षात आलं की तेव्हाही मी हाच विचार केला होता. मी उठून उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडून म्हणालो,

"नाना, आक्काना लगीनमा व्याहीना कोटनं कापड हबीबचाचानी लिन्हं नव्हतं. युनूसनी बी नही. मी लिन्हं व्हतं. मन्हा कोट शिवाले. तुम्हीन इचारं तवय मी खोटं बोलनू. चाचाले मन्हामुळे चोर म्हनं लोकेस्नी. मन्ही चूक शे, नाना. सगळास्नी आयका. मी माफी मांगस."